तेल, चाकू आणि दहा दिवस

"त्या दिवशी रिव्हॉल्व्हर नीट चालले असते तर..." हे अर्धवट वाक्य मी दादर-गिरगावच्या गप्पांमध्ये गेली चाळीस-पन्नास वर्षे ऐकत आले आहे. लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मंडपात, चाळीच्या गॅलरीत, आणि आता मोबाईलवरच्या नातेवाईकांच्या ग्रुपमध्ये. 'तो दिवस' म्हणजे २० जानेवारी १९४८. गांधीजींच्या खुनाचा पहिला प्रयत्न त्या दिवशी दिल्लीच्या बिर्ला भवनात फसला आणि दहा दिवसांनी, ३० जानेवारीला, साधला. बोलणाऱ्याचा स्वर दोन प्रकारचा असतो. काहींना चक्क हळहळ वाटते (अशांशी मी आता वाद घालत नाही, त्यांच्या पानात वाढणे फक्त बंद करते). दुसरे असतात नियतीवाले. "अहो, हत्याराने दगा दिला म्हणून दहा दिवस मिळाले. मरण कोणाला चुकले आहे?" असे म्हणून ते पान लावायला घेतात.

माझा राग आहे तो या दुसऱ्या मंडळींवर. वरवर ते शहाण्यासारखे बोलतात, पण सगळा दोष आणि सगळे श्रेय एका लोखंडी वस्तूवर टाकून माणसांना मोकळे सोडतात. एका नातेवाइकाने मध्यंतरी ग्रुपवर त्या खुनातल्या पिस्तुलाचा फोटो पाठवला, बनावट, देश, क्रमांक, सगळ्या माहितीसकट. खाली पाच-सात अंगठे उमटले. मी विचारले, "सुलोचनादेवी कोण, ठाऊक आहे का कोणाला?" ग्रुप एकदम शांत! म्हणून हा लेख.

आधी त्या हत्याराबद्दल. रिव्हॉल्व्हर मी आयुष्यात कधी हातात धरलेले नाही, पण शिवणयंत्र पन्नास वर्षे चालवले आहे आणि यंत्र का अडते हे मला कळते. रिव्हॉल्व्हरमध्ये बहुधा पाच किंवा सहा घरांचे एक चक्र असते, प्रत्येक घरात एक काडतूस. चाप ओढला किंवा घोडा मागे घेतला, की आतली एक छोटी कळ त्या चक्राला एका घराएवढे पुढे ढकलते, खटका त्याला जागेवर धरतो आणि मग घोडा काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आपटतो. टोपीतली ठिणगी दारू पेटवते. म्हणजे चक्र फिरणे, बरोबर जागी थांबणे, घोड्याचा आघात पुरेसा जोराचा असणे आणि टोपी-दारू कोरडी असणे, एवढे सगळे जुळावे लागते. शटलची वेळ चुकली की शिवणयंत्राचा टाका सुटतो, तसेच. वर्षानुवर्षे घातलेले तेल वाळून चिकट झाले, मळ बसला, कळ झिजली, की चक्र अडते. स्प्रिंग ढिली पडली की घोडा पडतो पण टोपी फुटत नाही. काडतूस जुने किंवा दमट असेल तर बाकी सगळे बरोबर असूनही बार होत नाही. २०१९ साली बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी पोलिसांनी मानवंदनेसाठी बंदुका रोखल्या आणि सगळ्यांच्या सगळ्या मुक्या राहिल्या, हे आपण टीव्हीवर पाहिलेच आहे. सांगायचे एवढेच, की हत्यार अडणे ही रोजच्या जगातली गोष्ट आहे. त्यात नियती वगैरे काही नसते.

आता २० जानेवारीची सकाळ. लाल किल्ल्यात भरलेल्या विशेष न्यायालयापुढे माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याने जे सांगितले ते निकालपत्रात नोंदलेले आहे. बडगे पुण्याचा, 'शस्त्रभांडार' चालवणारा. कटवाल्यांकडे दोन रिव्हॉल्व्हरे होती, एक गोपाळ गोडसेचे आणि एक बडगेकडचे. हिंदू महासभा भवनाच्या मागच्या झाडीत त्यांची चाचणी घ्यायचे ठरले. गोपाळच्या रिव्हॉल्व्हरचे चक्र फिरेना. बडगेचे उडाले, पण गोळी समोरच्या झाडापर्यंत पोचलीच नाही. मग बडगेच्या नोकराला, शंकर किस्तय्याला, तेलाची बाटली आणि चाकू आणायला पिटाळले. गोपाळ दुरुस्तीला बसला. तेवढ्यात जंगलखात्याचे तीन रखवालदार तिथे आले. हत्यारे लपवून, चार शब्द बोलून त्यांना वाटेला लावले. उरलेली दुरुस्ती मरीना हॉटेलच्या खोलीत झाली. गोपाळ खडकीला लष्करी वाहनांच्या सुट्या भागांच्या भांडारात नोकरीला होता, म्हणजे हाताला सवय होती.

हत्यार आपल्याच शहरात मिळवायचा प्रयत्न आधी झाला होता, हेही सांगितले पाहिजे. भुलेश्वरच्या दीक्षित महाराजांकडे या मंडळींनी रिव्हॉल्व्हर मागितले होते. मिळाले नाही. भुलेश्वर म्हणजे माझ्या घरापासून चालत दहा-पंधरा मिनिटे. इतिहास दिल्लीत घडतो असे मुलांना वाटते. त्यातला बराचसा आपल्या गल्लीतून चालत गेलेला असतो.

आणि आता नियतीवाल्यांसाठी मुख्य मुद्दा. दुरुस्त केलेले ते रिव्हॉल्व्हर त्या संध्याकाळी अडलेच नाही, कारण ते कोणी चालवलेच नाही! बेत असा होता, की मदनलाल पाहवाने भिंतीपाशी स्फोट घडवायचा, गोंधळ उडाला की बडगेने प्रार्थनेच्या जागेमागच्या नोकराच्या खोलीत शिरून जाळीच्या खिडकीतून गोळी घालायची आणि बाकीच्यांनी हातबॉम्ब टाकायचे. बडगे त्या खोलीपाशी गेला, दारात माणसे बसलेली पाहिली, आत सापडलो तर बाहेर पडता येणार नाही हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याचा धीर सुटला. हत्यारे पिशवीत घालून टॅक्सीत ठेवली गेली. मदनलालचा स्फोट तेवढा झाला. आणि त्याला पकडून कोणी दिले? सुलोचनादेवी नावाच्या एका बाईने. तिचा लहान मुलगा तिथे खेळत होता, त्याला न्यायला ती आली होती. तिने मदनलालला वात पेटवताना पाहिले होते आणि तिने बोट दाखवले. पिस्तुलाचा क्रमांक पाठ असलेल्या मंडळींनी हे नाव पाठ करावे. त्या दिवशी दिल्लीत आपले काम चोख करणारी ती एक व्यक्ती होती आणि तिला त्या कामाचा पगार नव्हता.

म्हणजे २० तारखेच्या रात्री सरकारच्या हातात काय काय होते पाहा. एक आरोपी जिवंत, बोलता. त्याने मरीना हॉटेल दाखवले. तिथून 'एन. व्ही. जी.' अशी अक्षरे घातलेले धुलाईचे कपडे मिळाले. त्याच्या बोलण्यात करकरेचे नाव आले, एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. 'अग्रणी' आणि पुढे 'हिंदू राष्ट्र' या नावाने पुण्याहून निघणाऱ्या त्या पत्राचे संपादक नथुराम विनायक गोडसे आणि मालक नारायण आपटे, ही नोंद मुंबई सरकारच्या वृत्तपत्रांच्या यादीत होती. यादी काढून पाहायची होती, बस्स. परीक्षेत पुस्तक उघडून उत्तर लिहायची परवानगी असावी आणि तरी विद्यार्थ्याने कोरा पेपर द्यावा, अशातला प्रकार!

आणि मुंबईत एक शिक्षक होता. माझा जीव या माणसापाशी अडकतो. प्राध्यापक जगदीशचंद्र जैन, माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात अर्धमागधी आणि हिंदी शिकवणारे. राहायला शिवाजी पार्कला. मदनलाल हा पंजाबातून आलेला निर्वासित तरुण. जैनांनी दया येऊन त्याला आपली पुस्तके विकायला दिली होती. त्याने जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यांना सांगितले, की गांधीजींना मारायचा बेत आहे. जैनांना आधी ती निर्वासिताच्या संतापातली बडबड वाटली. तरी त्यांनी एका मित्राला सांगितले, जयप्रकाश नारायण मुंबईत होते त्यांच्यापर्यंत पोचायचा प्रयत्न केला, पण नीट बोलणे होऊ शकले नाही. २१ तारखेच्या वर्तमानपत्रात मदनलालचे नाव पाहिल्यावर मात्र ते थांबले नाहीत. त्याच दिवशी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना भेटले, गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सगळे सांगितले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी, अहमदाबादची गाडी पकडताना, बॉम्बे सेंट्रल स्टेशनवर पोलीस उपायुक्त जमशेद नगरवाला यांना बोलावून ती माहिती दिली, करकरेला पकडायला सांगितले.

इथपर्यंत यंत्र फिरले. शिक्षकाने सांगितले, मंत्र्याने ऐकले, अधिकाऱ्याला कळले. आणि मग चक्र अडले ते अडलेच.

दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी विमानाने मुंबईला आले. त्यांनी काय सांगितले आणि त्यांना काय सांगितले गेले, याबद्दल दोन्ही बाजूंच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. एवढे खरे, की ते दोन दिवसांत परत गेले. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे उपमहानिरीक्षक राणा त्या वेळी दिल्लीतच होते. मदनलालचा जबाब घेऊन ते २५ तारखेला निघाले, पण आगगाडीने आणि अलाहाबादमार्गे! मुंबईला पोचले २७ला. मुंबईत नगरवालांच्या डोक्यात गांधीजींना पळवून नेण्याचा कट आहे असे बसले होते आणि तपास त्या वाटेने चालला होता. आणि हे चालले असताना नथुराम आणि आपटे होते कुठे? कानपूरमार्गे येऊन २३ तारखेला ते मुंबईत उतरले. सँडहर्स्ट रोडच्या आर्यपथिकाश्रमात राहिले, मग एल्फिन्स्टन हॉटेलच्या अ‍ॅनेक्समध्ये. ठाण्याला जाऊन साथीदारांना भेटले. चांगल्या हत्यारासाठी पुन्हा खटपट केली. २७ला खोट्या नावांनी विमानात बसून दिल्लीला गेले. खुनी विमानाने आणि जबाब आगगाडीने! २८ला ग्वाल्हेरहून बेरेटा पिस्तूल मिळाले आणि ३०ला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर तीन गोळ्या सुटल्या. त्या पिस्तुलात काही अडले नाही.

यावर मला नेहमी तीन उत्तरे मिळतात.

पहिले, "गांधीजींनीच झडती घ्यायला नकार दिला होता." खरे आहे. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती त्यांना मान्य नव्हती आणि ३० तारखेला त्याचा परिणाम झाला. पण सँडहर्स्ट रोडवर जाऊन दोन माणसांना पकडायला गांधीजींची परवानगी लागत नव्हती. वृत्तपत्रांची यादी चाळायला तर नव्हतीच नव्हती.

दुसरे, "फाळणीचे दिवस होते, पोलिसांवर ताण होता, आता मागे वळून बोलणे सोपे." ताण होता हे मान्य. पण हे मी आज माझ्या खुर्चीत बसून म्हणत नाही. न्यायमूर्ती आत्मा चरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालातच म्हटले, की २० ते ३० जानेवारी या काळात पोलिसांनी तपासात ढिलाई केली आणि मदनलालच्या जबाबानंतर थोडी जरी तत्परता दाखवली असती तर बहुधा हा प्रसंग टळला असता. आरोपींना शिक्षा सुनावणारा न्यायाधीश हे लिहितो, घटनेला एक वर्ष आणि काही दिवस झालेले असताना. पुढे १९६४ साली सुटून आलेल्यांच्या सत्कारासाठी पुण्यात पूजा घातली गेली, तिथे "आम्हाला आधीच ठाऊक होते" अशी जाहीर भाषा झाली, देशभर गदारोळ उठला आणि त्यातून चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा अहवाल १९६९ला आला. हे सगळे तपशील त्यात आहेत. वाचायला कोणालाही बंदी नाही.

तिसरे उत्तर म्हणजे लगेच सावरकरांचा विषय काढायचा. दादरच्या मंडळींना ते आवरत नाही, या बाजूच्यांना नाही आणि त्या बाजूच्यांनाही नाही. ते खटल्यात आरोपी होते, न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, कपूर आयोगाने वेगळे मत नोंदवले. तो वाद मोठा आहे आणि तो सुरू झाला की ढिलाईचा प्रश्न कोपऱ्यात ढकलला जातो, हा माझा अनुभव आहे. म्हणून आज नाही.

आता हळहळवाल्या मंडळींना एकच सांगते, पानात वाढत नसले तरी. त्या तीन गोळ्यांची किंमत कोणी भरली? ज्यांचा कटाशी काडीचा संबंध नव्हता अशांची घरे महाराष्ट्रभर जळली. कोल्हापूरला भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळला. दादरला जमावाने नारायणराव सावरकरांना दगडांनी ठेचले. ते त्यातून नीट उठलेच नाहीत आणि १९४९ च्या ऑक्टोबरात गेले. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-आजोबांनी त्या वर्षी रातोरात गाव सोडले आणि मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत येऊन राहिले. त्या खोलीत वाढलेल्यांची नातवंडे आज पिस्तुलाच्या फोटोला अंगठा दाखवतात. काय म्हणावे! ते दहा दिवस वाया गेले नसते, तर एक म्हातारा माणूस वाचला असता आणि ही घरेही वाचली असती.

शाळेत असताना मी स्वतः एक छोटा अनुभव घेतला आहे. परळला आमच्या वर्गातली बरीच मुले एका जुन्या इमारतीत राहत. तिचा जिना हलत होता. मी एका कचेरीत लेखी अर्ज दिला. तिथल्या माणसाने विचारले, "बाई, तुम्ही तिथे राहता का? मग तुम्हाला काय त्रास?" अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला, तिथून तिसऱ्या. पावसाळ्यात एका रात्री जिन्याच्या खालच्या पायऱ्या कोसळल्या. दिवसा कोसळल्या असत्या तर माझ्या हजेरीपटावरची नावे कमी झाली असती. सांगणारा शिक्षक असला की "मास्तर घाबरट असतात" किंवा "बाईंना सगळीकडे नाक खुपसायची सवय" असे म्हणून कागद बाजूला ठेवायची पद्धत जुनी आहे. जैनांनी पुढे 'आय कुड नॉट सेव्ह बापू' असे पुस्तक लिहिले. त्या नावात 'मी' आहे हे मला फार लागते. ज्यांनी 'आम्ही वाचवू शकलो नाही' असे लिहायला हवे होते, त्यांनी साक्षी दिल्या आणि एकमेकांकडे बोट दाखवले.

आणि हे १९४८ बरोबर संपले असेही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या आधी मुंबईवरच्या हल्ल्याच्या सूचना आल्या होत्या, पण त्यांची छाननी आणि पुढची कारवाई नीट झाली नाही, हे राम प्रधान समितीने दाखवून दिले. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना समोरच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्या पुतळ्याला हार घालताना आपण 'शौर्य, शौर्य' म्हणतो. म्हणावेच. पण टेबलावरचा कागद वेळेवर हलला असता तर त्या माणसाला आपल्या छातीने गोळ्या अडवाव्या लागल्या असत्या का, हे विचारणेही त्या हाराइतकेच आवश्यक आहे. सुलोचनादेवी आणि ओंबळे, दोघांनीही जे केले ते शेवटच्या क्षणी केले, कारण आधीच्या क्षणांचे मालक झोपले होते.

त्या झाडीतल्या माणसांबद्दल मला तिरस्कार आहे. पण त्यांच्या एका गोष्टीची मला लाज वाटते, म्हणजे आपल्या बाजूची लाज. त्यांचे चक्र अडले तेव्हा त्यांनी तेल मागवले, चाकू मागवला, खाली बसून ते दुरुस्त करायला घेतले. पहिला बेत फसल्यावर दुसरे हत्यार शोधले. वाईट कामासाठी एवढी चिकाटी! आणि ज्यांच्याकडे पोलीस, विमाने, टेलिफोन, याद्या, कबुलीजबाब होते, त्यांच्यापैकी कोणाला वाटले नाही की आपले यंत्र कुठे अडले आहे ते उघडून पाहावे.

तेव्हा माझ्या भाच्यांनो, पुतण्यांनो, तुम्हाला एवढीच विनंती. पुढच्या ३० जानेवारीला पिस्तुलाचा फोटो पाठवू नका. पाठवायचेच असेल तर 'जगदीशचंद्र जैन, रुईया महाविद्यालय, २१ जानेवारी १९४८' एवढे लिहून पाठवा. आणि तुमच्यापैकी जे सरकारी खुर्चीत बसले आहेत (आपल्या घरात असे चौघे आहेत, नावे घेत नाही), त्यांनी उद्या कचेरीत गेल्यावर कोणा मास्तराचा, कोणा बाईचा अर्ज टेबलावर पडला असेल तर तो आधी वाचावा. तेलाची बाटली प्रत्येक कचेरीत असते. हात लावणारा हवा.

असो. राग आला असेल तर येऊ द्या. दिवाळीला भेटाल तेव्हा बोलू.